जे पडू शकतं तेच हातात घ्यावं

प्रॉप या शब्दाला मराठीत एक ठरलेला शब्द नाही. नाटकवाले त्याला प्रॉपर्टी म्हणतात, फडावर ते नुसतं सामान असतं, आणि डान्स क्लासला जाणाऱ्या मुली सरळ प्रॉप म्हणून मोकळ्या होतात. बेली डान्समध्ये या सामानाची यादी लांबलचक आहे: बोटांत घालायच्या झांजा, रेशमी ओढणी, काठी, तलवार, डोक्यावर घ्यायचं मेणबत्त्यांचं झाड, गळ्याशी बांधायचे चुणीदार पंख, आणि आता त्या पंखांत लुकलुकणारे एलईडी दिवे. यातलं बहुतेक सगळं जळगाव-धुळ्यात घरबसल्या मागवता येतं. ते वापरायचं कसं हे शिकवणारं माणूस त्या खोक्यातून येत नाही. म्हणून प्रश्न पडतो, की हातात वस्तू आली म्हणजे नाच वाढतो की लपतो? दोन्ही बाजूंना वजन आहे. त्या नीट ऐकू याव्यात म्हणून इथे दोन बोलणारी कल्पिली आहेत. आबा लोककलांचे जुने जाणकार. नाचाला सामान लागतं तेव्हा नाच कच्चा असतो, असं मानणारे. ताई नाच शिकवणारी. सामानाशिवाय हा नाच अर्धाच कळतो, असं म्हणणारी. माणसं कल्पित आहेत, मतं मात्र इथलीच आहेत. मध्ये मध्ये मीही बोलणार आहे, कारण या वादाचा निकाल लागू शकतो असं मला वाटतं.

आबा: ताई, तुझ्या या नाचाला त्याच्या मुलखात रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. पोटाचा नाच हे नाव युरोपीयांनी दिलं आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कैरोची गल्ली उभारली तेव्हा ते अमेरिकेत गाजलं. नाव कोणाचंही असो, या नाचाचं मर्म कमरेत आहे. खांदे जागच्या जागी, छाती स्थिर, आणि कंबर तेवढी आठाचा आकडा काढते. किंवा पोटावरून एक लाट वरून खाली उतरते आणि बाकी अंगाला तिचा पत्ताही लागत नाही. इतकं बारीक काम ज्या नाचात आहे, तिथे हातात लखलखती तलवार दिली की बघणाऱ्याची नजर जाणार कुठे? तलवारीवरच. आपल्याकडेच बघ. जळगावहून दीड तासावर अजिंठा आहे. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. बासऱ्या, झांजा, वाद्यं आहेत ती तिच्याभोवतीच्या बायकांच्या हातात. तिचे स्वतःचे हात मोकळे आहेत, आणि सगळं चित्र त्या हातांभोवती आणि वळलेल्या कमरेभोवती फिरतं. बैठकीची लावणी घे. यमुनाबाई वाईकरांना 2012 साली पद्मश्री मिळाली ती काय हातातल्या सामानावर? बसल्या जागी डोळा, भुवई, बोटं आणि गळा. अंगात असेल तर सामान कशाला, आणि अंगात नसेल तर सामानाने येणार आहे का?

ताई: आबा, अजिंठ्याच्या नर्तकीचे हात मोकळे आहेत हे खरं, पण त्यावरून एवढंच ठरतं की मोकळ्या हातांनीही थोर नाच होतो. भरल्या हातांनी होत नाही, असं त्यातून निघत नाही. आणि तुम्ही ज्याला मूळचा, निर्भेळ नाच समजता तो तसा फार जुना नाही. बदिया मसाबनी या बाईंनी 1926 मध्ये कैरोत आपलं रंगगृह काढलं. तिथला मंच मोठा, प्रेक्षक पैसे मोजून आलेले. त्या मंचासाठी नाचणारीला जागा सोडून फिरावं लागलं, हात वर उचलून लांबवावे लागले. तहिया करिओका आणि सामिया गमाल तिथेच घडल्या. आज आपण जो मोकळ्या हातांचा डौलदार नाच बघतो, तो बराचसा त्या मंचाचा आहे. त्याच्या शंभर वर्षं आधी एडवर्ड लेन हा इंग्रज इजिप्तमध्ये राहून गेला. 1836 साली छापलेल्या पुस्तकात त्याने रस्त्यावर, घरांसमोर नाचणाऱ्या गवाजी बायकांचं वर्णन केलं आहे, आणि त्यांच्या बोटांत पितळी झांजा आहेत. म्हणजे मंचाच्या आधीपासून सामान आहे. त्या झांजांना सगात म्हणतात. चार छोट्या वाट्या. दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात एकेक, इलॅस्टिकच्या फाशाने घट्ट बसवलेल्या. फासा नखाच्या मुळाशी नीट बसला नाही तर वाटी कलते आणि टणत्काराऐवजी पत्रा आपटल्यासारखा आवाज येतो. बोटं वाजवतात एक लय, पाय चालतात दुसरी, कंबर धरते तिसरी. हात झांजेत अडकले की कंबर विसरते आणि कंबरेकडे लक्ष दिलं की झांज चुकते. शिकणाऱ्या मुलीचं पहिलं वर्ष या भांडणात जातं. हे सामान नाच लपवत नाही, ते नाचाचं कच्चेपण चारचौघांत वाजवून दाखवतं.

आबा: झांज तू मध्ये आणलीस म्हणजे अर्धा वाद मिटवलास, कारण झांज हे वाद्य आहे. वाद्याला माझा विरोध नव्हता. लावणीवालीच्या पायातले चाळ मला मान्य, खंडोबाच्या मुरळीच्या हातातली घाटी मान्य. साक्रीच्या डोंगरपट्ट्यात कोकणा माणूस पावरी वाजवतो आणि वाजवता वाजवता स्वतः नाचतो. वाळलेला भोपळा, बांबू आणि बैलाचं शिंग जोडून केलेलं ते वाद्य त्याच्या अंगाचाच भाग होऊन जातं. माझं भांडण वाद्याशी नाही, देखाव्याशी आहे. ती तलवार कुठून आली सांग. फ्रेंच चित्रकार जेरोम याने एकोणिसाव्या शतकात डोक्यावर तलवार तोललेली नर्तकी रंगवली. त्याला पॅरिसच्या दिवाणखान्यासाठी पूर्व हवी होती, म्हणजे धूर, अंधार, पोलाद आणि उघडं पोट. पुढे 1968 साली कॅलिफोर्नियात बाल अनात नावाचं मंडळ निघालं, त्याने जत्रांतून असे तलवारीचे खेळ लोकप्रिय केले. आज लोकांना तलवार म्हणजे अस्सल वाटते. आपल्याकडे हेच चालतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात आदिवासी नृत्य म्हणून कागदी पानांचे घागरे, तोंडाला काळं, हातात पुठ्ठ्याचे भाले आणि हूहू करत उड्या. शिरपूर-चोपड्याच्या पावरा बायकांनी पानं नेसून भाले घेतलेले कोणी पाहिले? भोंगऱ्या बाजाराला जाऊन बघ, अंगभर चांदीचे दागिने आणि रंगीत लुगडी असतात. सामान हातात आलं की माणसाला त्या लोकांकडे बघायचीच गरज उरत नाही. भाला दिला की झाला आदिवासी, तलवार दिली की झाली अरबस्तानची राणी. सामान हा न शिकण्याचा रस्ता आहे.

आबांच्या या बोलण्यात सगळ्यात मोठी ताकद आहे आणि ती बाजूला सारून पुढे जाणं प्रामाणिक ठरणार नाही. प्रॉप हा फार वेळा ज्ञानाच्या जागी ठेवलेला ठोकळा असतो. पण आबांनी इथे दोन वेगळे दोष एका दाव्याला बांधले आहेत. एक दोष म्हणजे वस्तू खोट्या ठिकाणाहून आली. दुसरा म्हणजे वस्तूने माणसाचं काम स्वतःकडे घेतलं. पहिला दोष निर्णायक मानला तर जगातले बहुतेक नाच बाद होतील, कारण वस्तू सतत गाव बदलतात. काठीचंच पाहा. इजिप्तच्या दक्षिणेकडे, सईद भागात, पुरुष लांब काठ्यांनी तहतीब खेळतात. ते मूळचं लढाईचं शिक्षण. 2016 मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बायकांनी ती काठी उचलली ती थट्टेने: पुरुष जिने वार करतात ती त्यांनी बोटांवर गरगर फिरवली, खांद्यावर टाकली, डोक्यावर आडवी ठेवून खाली कंबर हलवली. महमूद रिदा यांच्या 1959 साली निघालेल्या मंडळाने खेड्यापाड्यांतले असे नाच मंचासाठी बसवून देशभर आणि परदेशात नेले. म्हणजे आज जो काठीचा नाच परंपरेचा म्हणून शिकवला जातो त्यात पुरुषांची लढाई, बायकांची टवाळी आणि एका दिग्दर्शकाची मांडणी असं तिहेरी मिश्रण आहे. तो खोटा ठरत नाही. पुठ्ठ्याचा भाला खोटा ठरतो तो दुसऱ्या कारणाने: त्याच्यासाठी नाचणाऱ्याला काहीच शिकावं लागत नाही, आणि तो कितीही चुकीचा धरला तरी चूक दिसत नाही.

इथे मला पहिली कसोटी सापडते. जे सामान चुकू शकतं, पडू शकतं, विझू शकतं, बेताल वाजू शकतं, ते नाचाच्या बाजूने साक्ष देऊ शकतं. साक्षीदाराची किंमत यातच असते की तो विरोधातही बोलू शकतो. जो कधीच विरोधात बोलणार नाही तो भाड्याचा. इजिप्तमधल्या लग्नाच्या वरातीत, ज्याला जफ्फा म्हणतात, नाचणारी डोक्यावर शमादान घेते. म्हणजे पेटत्या मेणबत्त्यांचं जड झाड. शफीका अल्-किब्तिय्या या नर्तकीचं नाव या नाचाशी जोडलं जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं ही तोल सांभाळण्याची कसरत. पण खालून बघा: कंबर जोरात थरथरते आहे, गुडघे चालू आहेत, आणि वर ज्योती सरळ उभ्या आहेत. मघाशी आबांनी सांगितलं की या नाचाचं मर्म म्हणजे एक अंग हलताना दुसऱ्याला पत्ता न लागणं. ते मर्म उघड्या डोळ्यांना दिसत नाही, कारण स्थिर खांदा ही दिसण्यासारखी गोष्टच नाही. कोणी स्थिर बसलं आहे म्हणून आपण टाळ्या वाजवत नाही. ज्योतीमुळे ती स्थिरता दिसू लागते. सामानाने नजर पळवली, हा आरोप इथे उलटा पडतो. सामानाने नजर आणून दिली.

आणि कंबरेचीच साक्ष हवी असेल तर इजिप्तपर्यंतही जायला नको. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत अक्कलकुवा-धडगावचा सातपुडा धुळे जिल्ह्यातच होता. तिथल्या होळीत, काठी गावच्या राजवाडी होळीत तर विशेषच, नवस घेतलेले पुरुष नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके, आणि कमरेला वाळलेले दुधी भोपळे व घुंगरू बांधलेले. ढोलाच्या ठेक्यावर कंबर झटकली की भोपळे एकमेकांवर आदळून वाजतात. हे सामान हातात नाही, म्हणून हाताने वाजवून वेळ मारून नेता येत नाही. पाय आपटूनही भागत नाही. कंबर ठेक्यावर पडली तरच भोपळा ठेक्यावर बोलतो, अर्धी मात्रा मागे राहिली तर सगळ्या मेळ्याला ऐकू जातं. बेली डान्सवाल्या कमरेला नाण्यांचा रुमाल बांधतात त्यामागे हाच हिशेब आहे. एकमेकांची नावंही न ऐकलेल्या दोन मुलखांनी कमरेला आवाज बांधला, कारण कमरेचं काम नुसतं डोळ्यांवर सोडता येत नाही हे दोघांनाही नाचून कळलेलं होतं.

आबा: तुम्ही दोघं मिळून मला डोंबाऱ्याच्या खेळात घेऊन चालला आहात. पडण्याची भीती हीच जर कसोटी, तर दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर सगळ्यात मोठी नर्तकी. तिच्या डोक्यावर एकावर एक भांडी असतात, खाली जाळी नसते. तिला आपण नर्तकी का म्हणत नाही? आणि दुसरं, शाळेच्या मांडवात, कापडी झालरीखाली, पोरीच्या केसांवर पेटत्या मेणबत्त्या ठेवायला कोणता शहाणा माणूस परवानगी देईल? मग येते बॅटरीची मेणबत्ती. ती विझत नाही, तिचं मेण सांडत नाही, ज्योत कापत नाही. तुमचा साक्षीदार तर तिथेच मुका झाला.

ताई: दुसरं आधी मान्य करते, आबा. बॅटरीची मेणबत्ती साक्ष देत नाही, पण म्हणून पोरींच्या डोक्यावर आग ठेवायची असंही नाही. विझणारी गोष्ट नको असेल तर सांडणारी ठेवा. काठोकाठ भरलेला तांब्या घ्या. खान्देशातल्या बायकांनी हंड्यावर कळशी ठेवून पाणवठ्यावरून किती वाटा तुडवल्या. त्या चालीत मान, पाठ आणि कंबर यांची वाटणी शमादानवालीइतकीच काटेकोर असते. पाणी सांडलं तर साडी भिजेल, इतकाच धोका. आता डोंबारी. त्याच्या खेळात दोरी हाच विषय असतो. पोर दोरीवर कशी हलते यापेक्षा ती पडत नाही हे आपण बघतो, आणि पार झाली की खेळ संपतो. शमादानमध्ये मेणबत्त्या न पडणं हा खेळ नाही, ती अट आहे. अट पाळून खाली जे चालतं तो नाच. नाचणारी ज्या क्षणी नाच थांबवून केवळ तोल दाखवू लागते, एका गुडघ्यावर बसून मेणबत्त्यांसाठी टाळ्या मागते, त्या क्षणी ती तुमच्या दोरीवर चढली असं खुशाल म्हणा. मी म्हणते सामान कधी काम करतं आणि कधी काम थांबवतं हे बघा. आणि शमादानचा जन्म तरी कशात? अंधाऱ्या गल्लीतून नवरीची वरात न्यायची तर पुढे उजेड लागतो. आपल्या गोंधळ्याच्या हातातली दिवटी तरी काय? देवीचं प्रतीक म्हणून ती पुजली जाते, आणि रात्रभर चालणाऱ्या गोंधळाला उजेडही तीच पुरवत आली. कामाची वस्तू नाचात आली आणि तिथेही कामाला लागली.

आबा: बरं, पडण्याचं सोडू. मुखवट्याचं काय करशील? धुळ्याला लागून असलेल्या नाशिकच्या डोंगरात, सुरगाणा-पेठकडे, चैत्रात सोंगी मुखवटे नाचतात. काळभैरव, वेताळ, नरसिंह. तो मुखवटा घट्ट बांधलेला असतो. तो पडत नाही, विझत नाही, वाजत नाही. तुमच्या कसोटीवर तो पुठ्ठ्याच्या भाल्याच्या रांगेत बसला पाहिजे. पण त्या नाचासारखा अंगावर काटा आणणारा नाच दुसरा नाही हे मी सांगतो. म्हणजे एकतर तुमची कसोटी खोटी किंवा माझे डोळे.

आबांचे डोळे खरे आहेत, म्हणून कसोटीच दुरुस्त करायला हवी. मुखवटा नाचणाऱ्याला काय देतो यापेक्षा त्याच्याकडून काय काढून घेतो हे पाहिलं की गाठ सुटते. तो चेहरा काढून घेतो. नाचणाऱ्याचा सगळ्यात सोपा आधार म्हणजे हसणं, डोळे मोठे करणं, भुवई उडवणं, तो गेला. शिवाय नजरेचा टप्पा अरुंद झाला, मान जड झाली, श्वास कोंडला. आता राग दाखवायचा तर खांद्यांनी, दरारा दाखवायचा तर पावलांनी, आणि नरसिंह आला हे कळवायचं तर सगळ्या धडाने. मुखवटा बांधलेला कच्चा नाचणारा चटकन ओळखू येतो: वर देव असतो आणि खाली गोंधळलेला माणूस. म्हणजे मुखवटाही साक्ष देतो, फक्त पडून देत नाही. तेव्हा कसोटी अशी: सामानाने नाचणाऱ्याकडून काही मागितलं पाहिजे. झांज मागते दुहेरी ध्यान, भोपळा मागतो अचूक कंबर, काठी मागते मनगट, शमादान मागतं स्थिर माथा, मुखवटा मागतो चेहरा. पुठ्ठ्याचा भाला काहीच मागत नाही, उलट नाचणाऱ्याची सुट्टी करतो. पडू शकणं हे या मागणीचं सगळ्यात उघड रूप आहे, एकमेव नाही.

आबा: मग ओढणी काय मागते? माझ्या मते ती नुसतं देते. हात कुठे ठेवावेत हे न कळणाऱ्या पोरीला लपायला जागा देते. मागे पंखा लावला, गुलाबी उजेड टाकला, ओढणी उडवली, की नाच दिसायची गरजच राहत नाही.

ताई: हातांचं काय करावं हे न कळणं हा शिकवणाऱ्यांचा रोजचा प्रश्न आहे, आबा, आणि ओढणीने तो सुटतोही. लाजणारी मुलगी ओढणी धरली की खांदे मोकळे सोडते. तेवढ्यापुरता आधार द्यायला काय हरकत? सायकलला मागून धरतोच की आपण. पण धरलेलं सोडायचं कधी, हे शिकवणाऱ्याला कळलं पाहिजे. आता ओढणी मागते काय ते सांगते. जाडसर कापड असेल तर ते हाताबरोबर येतं आणि हाताबरोबर पडतं, त्याला वेळ नसतो. हलकं रेशीम असेल तर हात थांबल्यावरही ते हवेत राहतं. नाचणारीला आपल्या हालचालीच्या शेवटानंतर तो रेशमाचा शेवट होईपर्यंत थांबावं लागतं. घाई केली की कापड गळ्यात गुंडाळतं. संथपणा तोंडाने सांगून येत नाही, रेशीम तो करून घेतं. आणि इजिप्तची रीत फार बोलकी आहे. तिथे नर्तकी बहुधा ओढणी घेऊन येते, मंचाला एक फेरी मारते, आणि मिनिट-दोन मिनिटांत ओढणी टाकून देते. पुढचा सगळा नाच मोकळ्या हातांनी. अख्ख्या गाण्यात ओढणीच उडवत राहणं ही बरीचशी अमेरिकेत वाढलेली रीत. आपल्या लावणीत पदर आहेच की. तो धरला जातो, दातांत येतो, बोटाला गुंडाळला जातो, आणि सुटतो. पदर सतत हलत राहिला असता तर त्याच्या सुटण्याला काय अर्थ उरला असता?

राहिले सुरुवातीच्या यादीतले पंख. चुणीदार कापडाचे, काठ्यांनी लांबवलेले हे पंख बेली डान्समध्ये गेल्या तीसेक वर्षांतले, पण त्यांची आजी ओळखीची आहे. 1890 च्या दशकात लोई फुलर या अमेरिकन नर्तकीने हातांत काठ्या धरून वारेमाप रेशीम फिरवलं आणि त्यावर रंगीत विजेचे झोत सोडले. तिची फुलं, फुलपाखरं, ज्वाळा बघायला पॅरिस लोटलं. त्या नाचात तिची कंबर दिसत नव्हती आणि तिला ती दाखवायचीही नव्हती. तिचा नाच कापडाचा आणि उजेडाचा होता, आणि त्याने तिच्याकडून खांद्यांची जबर ताकद मागितली. त्यात लबाडी काहीच नाही. लबाडी सुरू होते ती ते पंख कमरेच्या नाचाच्या नावाखाली आल्यावर. लहान मंचावर पसरलेले पंख कंबर झाकतात, आत दिवे असले की बघणारे दिवे बघतात, आणि आतली कंबर चुकली की बरोबर हे नाचणारीलाही कळेनासं होतं. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की लोकांना आनंद झाला ना, मग एवढी चिकित्सा कशाला? आनंदाला माझी ना नाही. वरातीत बँडपुढे नाचणाऱ्याला कसोट्या लावत बसू नये. पण जिथे नाच म्हणून शिकवणी घेतली जाते, स्पर्धा होते, बक्षीस दिलं जातं, तिथे आनंद दिव्यांनी दिला की नाचाने, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे. फी नाचाची भरलेली असते.

आबा: एक गोष्ट तुमच्या हिशेबात अजून आली नाही. काही सामान असं आहे की त्याची किंमत तालमीत चुकती होत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साज चढवून तिची स्थापना होते, रोट होतात, आणि सोमवारी बाया तिला डोक्यावर घेऊन नाचत-गात नदीवर नेतात. सातपुड्यातल्या त्या भोपळेवाल्यांनीही होळीआधी काही दिवस पाळणी पाळलेली असते: खाटेवर झोपायचं नाही, संसार बाजूला ठेवायचा. ताई, तुझी कसोटी म्हणते सामानाने मागितलं पाहिजे. या सामानाने मागितलेलं क्लासच्या आरशापुढे देता येत नाही. उद्या कोणी कानबाईचा पाट प्रॉप म्हणून मंचावर नाचवला, तर तोल अगदी बिनचूक असूनही काहीतरी चुकलेलं असेल.

ताई: तिथे मी तुमच्या बाजूला आहे, आबा, आणि मला वाटतं कसोटीही आहे. मागणी पुरी करता येत नसेल तर वस्तू उचलू नये. काठीने मनगट मागितलं, ते सरावाने देता येतं. पाळणीने व्रत मागितलं, ते देणार नसाल तर कमरेला भोपळे बांधून होळीचा नाच म्हणू नका. तोल शिकायचा तर तांब्या आहे, ताल शिकायचा तर घुंगरू आहेत. देवाचं सामान उसनं घेण्याची गरज नाचाला पडत नाही. पडते ती जाहिरातीला.

इथे दोघं एका जागी आली, पण आबांनी सुरुवातीला घातलेला प्रश्न अजून उभा आहे: अंगात नसेल तर सामानाने येणार आहे का? माझं उत्तर असं, की नीट निवडलेल्या सामानाने येतं, कारण ते आरशाहून कठोर असतं. आरशात आपण आपल्याला हवं तेच बघतो. झांज, तांब्या, काठी आपली मर्जी राखत नाहीत. मात्र सामानाने अंगात काही आणलं की नाही हे सामान हातात असताना कळत नाही. म्हणून जळगाव-धुळ्यातल्या स्पर्धांच्या नियमांत एकच ओळ वाढवावी असं वाटतं: प्रॉप वापरा, पण तो गाण्याच्या मध्यावर खाली ठेवा. शेवटी ठेवला तर टाळ्यांत बुडेल, आधी ठेवला तर आणलाच कशाला असं होईल. कैरोच्या नर्तकीही ओढणी टाकून पुढचा नाच मोकळ्या हातांनीच करतात. आबांना हा नियम पटेल, कारण अजिंठ्याच्या नर्तकीचे मोकळे हात त्यांना उरलेल्या अर्ध्या गाण्यात मिळतील. ताईला पटेल, कारण काठी टाकल्यावरही मनगट काठीसारखं वळतं का आणि तांब्या उतरवल्यावरही माथा स्थिर राहतो का, हे तिथेच दिसेल. पंख आणि दिवे आणणाऱ्या मुलीनेही खुशाल यावं. दिवे विझवून ते मंचाच्या कडेला ठेवल्यानंतर ढोलकीचे पुढचे आठ ठेके तिने कसे काढले, तेवढे परीक्षकांनी लिहून ठेवावेत.